प्रकाशाने रंगणारी स्मृती

टेट्रासीनचे नारिंगी द्रावण उन्हात ठेवले की फिके पडते आणि अंधारात त्याचा रंग परततो, हे फ्रिट्शे यांनी १८६७ मध्ये नोंदवले. या गुणाचा उपयोग माहिती साठवण्यासाठी होईल, ही कल्पना मात्र १९५६ मधली. इस्रायलमधील येहुदा हर्शबर्ग यांनी अतिनील प्रकाशाने रंग घेणाऱ्या स्पायरोपायरन गटातील पदार्थांचा अभ्यास करून पुसता येणाऱ्या प्रकाशरासायनिक स्मृतीचा नमुना मांडला. बिनरंगी रेणू म्हणजे शून्य, रंगीत रेणू म्हणजे एक.

अडचण खोलीची होती. अतिनील किरण पदार्थात शिरताना वाटेतले सगळेच रेणू रंगवतो. आतला नेमका ठिपका गाठता येत नाही. यावरची युक्ती मारिया गेपर्ट-मायर यांच्या १९३१ च्या सिद्धांतात होती: एक रेणू दोन फोटॉन एकाच वेळी शोषू शकतो. कॅलिफोर्नियात पार्थेनोपोलस आणि रेंटझेपिस यांनी १९८९ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. स्पायरोपायरन मिसळलेल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा असे दोन झोत सोडले. एकट्या झोताने काहीच घडत नाही; दोन्ही जिथे छेदतात तिथेच, ठोकळ्याच्या पोटात, रंगीत ठिपका उमटतो. वाचताना तोच ठिपका लालसर चमकतो. किती सुंदर रचना ही!

पण साध्या तापमानाला रंग हळूहळू उडत असे, म्हणून नमुना गारठवून ठेवावा लागे. शिवाय वाचनानेच थोडी माहिती पुसली जाई. जपानमधील मासाहिरो इरिए यांच्या डायअरिलइथीन संयुगांनी पहिला दोष बराच दूर केला: त्यांचा रंग उष्णतेने जात नाही, प्रकाशानेच जातो.