उचल, मोती आणि तेल : कुवेतचा इतिहास आपल्या बाजूने

आजचा विषय आहे तेलसंपन्न अरब देश, तिथली माणसं, सरकार आणि अर्थव्यवस्था. असे देश पाच-सात आहेत. सगळ्यांना हात लावायला गेलो तर एकही धड सांगून होणार नाही, म्हणून मी एकच घेतो, कुवेत. आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो : आपला बीड जिल्हा आणि शेजारचा लातूर एकत्र केले तर जेवढी जमीन होते, जवळपास तेवढा हा देश.

बीडला अरब माणूस नवखा नाही. चाऊस आडनावाची मंडळी मराठवाड्यात सगळीकडे आहेत. त्यांचे पूर्वज यमनमधल्या हद्रमौत भागातून निजामाच्या फौजेत चाकरीला आले. म्हणजे एके काळी पोटासाठी माणूस अरबस्तानातून इकडे येत होता. आज इकडचा माणूस तिकडे जातो. हा प्रवाह उलटा का झाला, आणि उलटा होताना काय बदललं, काय बदललं नाही, हे आज बघायचं आहे.

तेल सापडण्याआधीचं कुवेत म्हणजे मातीच्या भिंतीआतलं एक बंदर. नदी नाही, शेती नाही. इथे पालीला तुमच्या उशाशी बिंदुसरेचं धरण आहे, तरी दुष्काळात टँकर काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. कुवेतला तर प्यायचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरब नदीतून गलबतांनी आणावं लागे. गावाचं पोट दोन गोष्टींवर चाले. एक, बसऱ्याचा खजूर भरून मुंबई, मलबार आणि आफ्रिकेपर्यंत जाणारी गलबतं. दुसरी, उन्हाळ्यातले चार महिने चालणारा मोत्यांचा हंगाम. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई.

आता हा मोत्याचा धंदा कसा चालायचा ते नीट ऐका, कारण तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. गलबताचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोळ्यांचा नाखवा हा त्याच शब्दाचा भाऊ. हंगामाआधी नाखुदा पाणबुड्याला घरखर्चासाठी रक्कम द्यायचा. अरबीत तिला म्हणत सलफ. आपण म्हणतो उचल. हंगाम संपला की मोती विकून हिशोब व्हायचा. आधी गलबताचा आणि खाण्यापिण्याचा खर्च वजा, मग नाखुदाचा वाटा, मग उरलं ते बाकीच्यांना. त्यातून उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहिली, आणि बाकी आहे तोवर दुसऱ्या नाखुदाकडे जायची सोय नाही. हिशोब लिहिणारा नाखुदा, पाणबुड्याला अक्षर येत नाही. बाप गेला तर कर्ज मुलाच्या अंगावर. ॲलन व्हिलियर्स नावाचा ऑस्ट्रेलियन खलाशी १९३८-३९ मध्ये कुवेती गलबतांवर राहिला होता. या कर्जात रुतलेल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय.

शेजारच्या बहारीनमध्ये १९२०च्या दशकात इंग्रजांच्या दबावाने नियम झाला, की प्रत्येक पाणबुड्याला त्याच्या हिशोबाची वही मिळाली पाहिजे. साधी वही! पण तेवढ्यासाठी सरकारला मध्ये पडावं लागलं.

दसऱ्यानंतर ज्या घरांतून कोयता निघतो, त्या घरांना मी यातलं काय समजावणार? मुकादम हा शब्दही मूळ अरबीच आहे, पुढे असलेला माणूस.

मग या धंद्यावर दोन घाव पडले. जपानने शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, आणि १९२९ची जागतिक मंदी आली. मोत्याचा भाव पडला. आणि १९३८च्या फेब्रुवारीत बुरगानला तेल लागलं. दुसऱ्या महायुद्धात विहिरी बुजवून ठेवल्या होत्या. पहिलं तेल जहाजात भरलं गेलं ते १९४६ साली.

आता सरकारकडे वळू. १८व्या शतकापासून सत्ता सबाह घराण्याची. १८९९ साली शेख मुबारकने इंग्रजांशी करार केला आणि कुवेत त्यांच्या छत्राखाली गेलं. तो कारभार बघत होतं हिंदुस्थान सरकार. त्यामुळे चलन आपलं. गंमत बघा, आपण इंग्रजांच्या देशात असूनही निजामाच्या बीडमध्ये हाली सिक्का चालायचा, आणि समुद्रापलीकडे कुवेतच्या बाजारात कलदार रुपया! तिथे रुपया १९६१पर्यंत टिकला, मग दिनार आला.

तेलाआधी शेखाचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः जकात, आणि ती भरणारे व्यापारी. त्यामुळे शेखाला त्यांचं ऐकावं लागे. १९०९च्या सुमारास मुबारकने कर वाढवले तेव्हा काही बडे मोती-व्यापारी सरळ बहारीनला निघून गेले. शेखाला त्यांची मनधरणी करावी लागली. १९३८ साली तर व्यापाऱ्यांनी १४ जणांचं निवडून आलेलं मंडळ स्थापन केलं. सहा महिन्यांत शेखाने ते मोडलं.

तेलाने हा तोल बदलला. कंपनीचा पैसा थेट राज्यकर्त्याच्या हातात येऊ लागला. आता त्याला कोणाच्या जकातीची गरज उरली नाही, उलट सगळ्यांना त्याची गरज लागली. १९५० ते १९६५ या काळातले शेख अब्दुल्ला अल-सालिम यांनी हा पैसा वाटला, हे मान्य करायला पाहिजे. फुकट शाळा, फुकट दवाखाने, सरकारी नोकऱ्या, चढ्या भावाने जमिनीची खरेदी. १९५३ मध्ये लंडनला गुंतवणूक मंडळ नेमलं. १९६१ साली स्वातंत्र्य, १९६२ला राज्यघटना, १९६३ला ५० सदस्यांची निवडलेली संसद. १९७५ला तेल कंपनी पूर्ण सरकारी झाली, आणि १९७६ पासून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी. आखातात इतकी बोलकी संसद दुसरी नव्हती. पण ती अमीराने पुनःपुन्हा बरखास्तही केली. बायकांना मत मिळायला २००५ उजाडलं, आणि २०२४च्या मे महिन्यात संसद पुन्हा थांबवली गेली.

म्हणजे पाणबुड्याच्या नातवाच्या अंगावर उचल नाही. त्याला प्राप्तिकर नाही, घराला मदत आहे. मग उचल गेली कुठे?

इथे १९५९चा नागरिकत्वाचा कायदा बघावा लागतो. १९२० पूर्वीपासून कुवेतमध्ये वसलेले आणि त्यांचे वंशज, ते मूळ नागरिक. त्या रेषेच्या आत आला त्याला तेलाचा वाटा. वाळवंटात फिरणाऱ्या टोळ्यांतले कितीतरी लोक कागदावर आलेच नाहीत. त्यांना 'बिदून' म्हणतात, म्हणजे 'विना'. असे सुमारे एक लाख लोक आजही तिथे आहेत. आणि प्रत्यक्ष काम करायला आले बाहेरचे. आज सुमारे ४८ लाख वस्तीत नागरिक एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. सुमारे १० लाख तर आपले भारतीयच.

या बाहेरच्या माणसाचा मुक्काम 'कफाला' पद्धतीवर, म्हणजे मालकाच्या जामीनकीवर. मालक बदलायचा तर सहसा त्याची परवानगी हवी. जाण्याआधी एजंटला द्यायला घरी कर्ज काढलेलं असतं. खरं तर आपल्याकडच्या नियमाने नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. हे ध्यानात ठेवा. पण कर्ज झालं की पहिली एक-दोन वर्षं ते फेडण्यात जातात. नाव बदललं, हिशोब तोच. १२ जून २०२४ रोजी मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात सुमारे ५० जण गेले, ४५ आपले. दाटीवाटीने ठेवलेली माणसं होती ती.

संकटात या कागदाची किंमत आणखी कळते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावं लागलं. जन्मभराची कमाई बँकेत अडकली, घरं तशीच राहिली.

लोक म्हणतात, तेल लागलं आणि कुवेतची गरिबी गेली. इतिहास एवढं सोपं सांगत नाही. पाणबुड्याचं पोर कर्जातून सुटलं, कारण जमिनीखालच्या संपत्तीत त्याचा हक्क आहे असं कायद्याने लिहिलं. ज्याचं नाव त्या कायद्यात आलं नाही, तो तेलाच्या विहिरीशेजारी राहूनही उचलीतच राहिला.

आपल्याकडे तेल नाही. पण साखर आहे, मळी आहे, आता इथेनॉलही आहे, आणि ऊस तोडणारे हात इथले आहेत. त्या हातांचा हिशोब कोणाच्या वहीत आहे, त्या वहीची एक प्रत घरात आहे का, करार कागदावर झालाय का, एवढे प्रश्न या हंगामाला निघण्याआधी विचारले तरी आजचं व्याख्यान कामी आलं म्हणेन.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.