निर्यात-साधनाची मार्गदर्शिका : मूल्यमापन

मजकुरापासून पीडीएफ किंवा वर्ड फाईल तयार करणारे साधन एआय एजंट केवळ मार्गदर्शिका वाचून बिनचूक वापरू शकतो का, याची तपासणी. माणूस अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटापुढे लिहिलेल्या शब्दांपलीकडे फारसे काही नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मांडलेल्या, एजंटांना साधने जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधनाची ओळख मुख्यतः नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा आराखडा यांवरून होते.

फाईल कुठे ठेवली जाईल, जुनी फाईल पुसली जाईल का, काम फसल्यास कसे कळेल, हे न सांगणारी मार्गदर्शिका अपुरीच मानावी.

मराठीत खरी परीक्षा वेलांट्या आणि जोडाक्षरांपाशी होते. ‘शिरोळ’ या गावाच्या नावातली वेलांटी दिसते ‘श’च्या आधी, पण युनिकोडमध्ये साठवली जाते नंतर. पीडीएफमध्ये अक्षराकृतींची युनिकोडशी जुळणी नीट नोंदवलेली नसेल, तर पान सुबक दिसते आणि शोध मात्र रिकामा येतो. उदाहरण न्यायालयाचे घ्या : मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी काम करते. अशा ठिकाणच्या कागदात गावाचे नाव न सापडणे ही किरकोळ चूक नव्हे. त्यामागे कुणाची तरी जमीन असते. फॉन्ट फाईलमध्ये अंतर्भूत होतो का, हे मार्गदर्शिकेत लिहिलेले हवे. तपासणाऱ्याने ‘पन्हाळा’, ‘गडहिंग्लज’ हे शब्द तयार पीडीएफमधून कॉपी करून मूळ मजकुराशी ताडून पाहावेत.