नोमार गेला, रॉबर्ट्स आला

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला बेसबॉल रुचायला वेळ लागतो. मलाही लागला. पण ३१ जुलै २००४ ची गोष्ट कळली आणि तिथला चाहता एकदम आपल्यातलाच वाटला.

बोस्टन रेड सॉक्सने १९१८ नंतर विजेतेपद पाहिलं नव्हतं. जुलै संपताना ५६ सामने जिंकलेले, ४६ हरलेले. कट्टर वैरी यांकीज बरेच पुढे. अशात तीस वर्षांच्या जनरल मॅनेजर थिओ एप्स्टाइनने नोमार गार्सियापारालाच शिकागो कब्जला देऊन टाकलं! १९९९ आणि २००० मध्ये अमेरिकन लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी याची. शहराचा लाडका. कारण काय, तर संघाचं क्षेत्ररक्षण गळकं होतं. बदल्यात काब्रेरा आणि मिंटकेविच आले, दोघंही क्षेत्ररक्षणात पक्के. सचिनला मुंबईच्या संघातून काढलं असतं तर आपण जसे खवळलो असतो, तसे बोस्टनकर खवळले.

या गदारोळात त्याच दिवशी आणलेल्या डेव्ह रॉबर्ट्सकडे कोण बघतंय? त्याचं भांडवल एकच, पळणं.

उरलेल्या ६० पैकी ४२ सामने संघाने जिंकले. ऑक्टोबरात मात्र यांकीजविरुद्ध ०-३ अशी पिछाडी. चौथ्या सामन्यात, नवव्या डावात, एका धावेने मागे असताना रॉबर्ट्स बदली धावपटू म्हणून आला, दुसरा बेस चोरला आणि बरोबरीची धाव काढली. बोस्टनने तो सामना जिंकला, पुढचे तीनही जिंकले, आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीजही.

मोठ्या नावावर भांडताना यादीतलं शेवटचं नाव आपण वाचतच नाही. असो. सोमवारी आमच्या टीममधून कोणाला हलवायचं यावर मीटिंग आहे. यादी शेवटपर्यंत वाचणार आहे.