मिठाला साखरेची सोबत

रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या सोडियमचा बारीकसा तुकडा पाण्यात टाकला की तो सैरावैरा धावू लागतो, हे आपण विद्यार्थ्यांना दाखवतो. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ साली लंडनमध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीजप्रवाह सोडून हा धातू प्रथम वेगळा केला. सोडियमचा अणू आपला बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतो, म्हणून ही धावपळ. एकदा इलेक्ट्रॉन गेला, की उरतो तो स्वस्थ धन आयन. मिठात आणि आपल्या रक्तात सोडियम असतो तो याच रूपात. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये तो सुमारे १४० मिलिमोल असतो आणि पेशींबाहेर किती पाणी टिकून राहणार, हे मुख्यतः त्याच्यावरच ठरते.

हे पाणी आणि मीठ झपाट्याने बाहेर पडले तर काय होते, ते पटकीने म्हणजे कॉलऱ्याने जगाला दाखवले. १८३१ साली पटकीची साथ इंग्लंडमध्ये पोचली. विल्यम ओशॉघ्नेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी झालेले आढळले. हे वाचून स्कॉटलंडमधील थॉमस लाटा यांनी १८३२ साली रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. काही रोगी मरणाच्या दारातून परतले. पण त्या काळी निर्जंतुकीकरणाची कल्पनाच नव्हती, आणि हा उपाय लवकरच मागे पडला. विसाव्या शतकात तो ‘सलाईन’ म्हणून रूढ झाला. मात्र त्यासाठी सुई, निर्जंतुक बाटल्या आणि जाणकार हात लागतात. खेड्यात साथ आली तर ते आणायचे कोठून?

मग मिठाचे पाणी नुसते प्यायला का देऊ नये? अडचण अशी, की पटकीच्या विषामुळे आतड्यातील पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात, त्यापाठोपाठ सोडियम आणि पाणीही जाते, आणि नुसते मीठ नीट शोषले जात नाही. याचे उत्तर १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडलेल्या कल्पनेत होते: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकाने, जोडीने आत येतात. त्यांच्यामागून पाणी येते. पटकीतही हा दरवाजा उघडाच राहतो!

कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच रोग्यांना मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजले होते. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी काटेकोर मोजमापे करून हा उपाय सिद्ध केला. खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण पिंपांत भरून ठेवले. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

हीच आपली जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली तिच्यातील सोडियम ९० वरून ७५ मिलिमोलवर आणले; ग्लुकोजही तेवढेच ठेवले. पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि माप नेमके. कारण मीठ जास्त झाले तर तेच बालकाला घातक ठरते. निरोगी प्रौढालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते, जादा मिठाने रक्तदाब वाढतो. सोडियमचा धडा शिकवताना पाण्यावर धावणाऱ्या तुकड्याबरोबर हा चमचाही वर्गात दाखवू या. एखाद्या घरी तो वेळेवर कामी येईल.