घरी घडवलेला म्युझिक प्लेयर आणि चेन्नईची ‘शक्ती’

हौशी अभियंत्याने घडवलेल्या म्युझिक प्लेयरमध्ये मेमरी कार्ड, प्रोसेसर, डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारी चिप आणि अ‍ॅम्प्लिफायर हे मुख्य घटक असतात. सीडीच्या दर्जाच्या संगीतासाठी प्रत्येक कानाला सेकंदाला ४४,१०० वेळा १६ बिटांची संख्या पुरवावी लागते. दोन्ही कानांचे मिळून १४,११,२०० बिट. हा प्रवाह क्षणभरही खंडित न होऊ देणे हे प्रोसेसरचे काम.

मात्र सर्किट स्वतःचे असले, तरी प्रोसेसरचा अंतर्गत आराखडा सहसा एखाद्या परदेशी कंपनीची बंदिस्त मालमत्ता असतो. २०१० मध्ये बर्कले येथे ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचाची सुरुवात झाली. त्याच्या आधारे चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने ‘शक्ती’ ही प्रोसेसरांची मालिका रचली आणि तिचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला.

२०१८ मध्ये ‘शक्ती’ची पहिली चिप इंटेलच्या अमेरिकेतील कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. त्याच वर्षी चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने दुसरी चिप घडली. २०२० मध्ये लहान उपकरणांसाठीची ‘मौशिक’ आली.

१८० नॅनोमीटर हे तंत्र १९९९ च्या सुमाराचे. आजच्या मोबाइलला ते अपुरे. परंतु पहिले एमपीथ्री प्लेयर १९९८ मध्येच बाजारात आले होते. म्हणजे संगीत वाजवण्यासाठी अतिसूक्ष्म तंत्राची वाट पाहावी लागत नाही. आराखडा खुला असेल, तर विद्यार्थ्याला आपल्या प्लेयरचा मेंदूही वाचता येतो, आणि बदलताही येतो.