नाणे, ठसा आणि मालकी

'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग आपण माणसांविषयी आणि ग्रंथांविषयीही करतो. मात्र नाणे खणखणीत आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एके काळी फार थोड्यांच्या हाती होता. पेशवाईत एकाच वेळी अनेक टाकसाळींचे रुपये चलनात असत. अंकुशी, चांदवडी ही त्यांतली परिचित नावे. नाण्याचा कस, वजन आणि झीज पाहून सराफ व पोतदार त्यावर बट्टा आकारीत. ही पारख हाताला आणि डोळ्याला शिकवलेली विद्या होती आणि ती बव्हंशी पेढीच्या आतच राहिली. ज्याच्या पैशावर बट्टा बसे, त्याला तो योग्य आहे की नाही हे पडताळण्याचे साधन नव्हते. नाण्यांच्या प्रतवारीचा इतिहास म्हणूनच केवळ छंदाचा इतिहास नाही. ज्ञान कोणाच्या ताब्यात असावे, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

छापील सूचींनी हा ताबा प्रथम सैल केला. महाराष्ट्रापुरते पाहायचे, तर नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. या निधीत तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. ती मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचे वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. क्षहरातांच्या पराभवाविषयी नाशिकच्या लेण्यातील शिलालेख जे सांगत होता, त्याला धातूचा पुरावा मिळाला.

या वर्णनातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नाण्यांवरील नहपानाचे मुखचित्र सर्वत्र सारखे नाही. कुठे तरुण, कुठे वृद्ध, कुठे चेहऱ्याची ठेवणच वेगळी. एखाद्या नाण्याचे चित्र पाहून हे कळणे शक्य नाही. अनेक नाणी शेजारीशेजारी ठेवली, तरच मूळ ठशातला फरक कोणता आणि झिजेने आलेला फरक कोणता, हे सांगता येते. साहित्याच्या समीक्षेत कवितेच्या दोन ओळी उद्धृत करून मुद्दा मांडता येतो. नाण्याच्या अभ्यासात उद्धरणाचे एककच मुळी चित्रांचा समूह हे असते. स्वामित्वहक्काच्या कायद्याशी या विद्येचे अवघडलेले नाते येथूनच सुरू होते.

आता खुटबावसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे गाव. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभे आहे, डेक्कन कॉलेजचे ग्रंथालयही तेथेच आहे. अंतर फार नाही. तरीही गावातल्या शाळेतील शिक्षकाला एखादी तांब्याची शिवराई ओळखायची असेल, तर हे अंतर चांगलेच जाणवते. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसरीस 'छत्रपति' अशी अक्षरे असली, म्हणजे नाणे शिवकालीनच ठरते असे नाही. हीच अक्षरे पुढे पेशवाईतही दीर्घकाळ ठोकली जात होती. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची मांडणी, वजन यांची तुलना केल्यावाचून काळ सांगता येत नाही. त्यासाठी के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी व नाण्यांवरील इंग्रजी ग्रंथ हाताशी हवा. तो नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यातील चित्रपट्ट्यांची छायाचित्रे काढून कोणी सर्वांसाठी खुली केली, तर ते ज्ञानदान की चोरी?

भारतीय कायद्याचे उत्तर एका शब्दाचे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. सातवाहन व क्षत्रप नाण्यांची ब्रिटिश म्युझियमची सूची १९०८ साली सिद्ध करणारे ई. जे. रॅप्सन १९३७ साली वारले. म्हणजे जुन्या पन्नास वर्षांच्या मुदतीनुसार १९८७ अखेरच त्यांचा ग्रंथ आपल्याकडे सर्वांचा झाला. माहेश्वरी-विगिन्स यांच्या ग्रंथाला ती अवस्था येण्यास अजून काही दशके लागतील. कायद्याचे ५२ वे कलम 'न्याय्य व्यवहारा'ची मुभा देते. पण खाजगी उपयोग व संशोधन ही एक मुभा आहे, आणि टीका किंवा परीक्षण ही दुसरी. शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासासाठी चित्रपट्टीची प्रत काढली, तर ती पहिल्या मुभेत बसते. तीच प्रत त्याने जगासमोर मांडली की तिचे खाजगीपण संपते. मग तिच्यासोबत चर्चा हवी. अमुक नाण्याचा काळ चुकीचा का, ही झीज की ठशाचाच दोष, असा काही प्रतिपाद्य विषय हवा.

अध्यापनासाठीची मुभा याहून उदार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली पानांची ठरावीक मर्यादा घालण्याचे नाकारले. अध्यापनाच्या हेतूला जितके आवश्यक तितके न्याय्य, अशी कसोटी मानली. नाण्यांच्या अभ्यासाला ही कसोटी विशेष मानवते, कारण तेथे आवश्यक ते बहुधा एका चित्राहून अधिक असते.

यापुढचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे: सूचीत नेमके लेखकाचे काय असते? नाण्याचे वजन, व्यास, त्यावरील अक्षरे, निधीतील संख्या या वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नाही. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले, की केवळ श्रम केल्याने हक्क निर्माण होत नाही. कौशल्य, निर्णयशक्ती व किमान सर्जकता लागते. उलट बाजूने, अमेरिकेत १९९९ साली नाण्यांच्या घाऊक किमतींच्या तक्त्याबद्दल 'सीडीएन विरुद्ध केप्स' हा खटला गाजला. त्या किमती म्हणजे नुसती नोंद नसून संपादकांनी विचारपूर्वक केलेले अंदाज आहेत, म्हणून त्या संरक्षणास पात्र आहेत, असे न्यायालयाने मानले. प्रतवारीही अशीच मधल्या जागेवर उभी असते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकन सेंटसाठी मांडलेली एक ते सत्तर अंकांची श्रेणी आज जगभर वापरली जाते. श्रेणी ही कल्पना आहे, ती कोणीही वापरावी. पण प्रत्येक पायरी समजावणारे शब्द व छायाचित्रे ही अभिव्यक्ती आहे. उंचसखल नाण्यावर प्रकाश कोणत्या कोनातून टाकायचा, हे छायाचित्रकार ठरवतो. नाणे दोन हजार वर्षांचे असले, तरी छायाचित्र कालचे असू शकते.

'ज्ञान मुक्त असावे' एवढे म्हणून, म्हणून, प्रश्न मिटत नाही. अंजनेरीसारख्या संस्थांचे ग्रंथ मोजक्या अभ्यासकांसाठी निघतात. त्यांची सबंध नक्कल फुकट वाटली, तर पुढचा ग्रंथ निघणे अवघड होते. आणि दुसऱ्या बाजूने, जुन्या, हक्कमुक्त सूचीही संग्रहालयांच्या कपाटांत राहिल्या, तर पोतदाराची बंद पेढीच नव्या रूपात चालू राहते. सार्वजनिक पैशाने जपलेल्या नाण्यांची छायाचित्रे त्या संस्थांनीच मुक्त परवान्याने प्रसिद्ध करावीत, हा यातला सर्वांत सरळ मार्ग दिसतो. मूळ वस्तू सर्वांची आहे. छायाचित्राची वाट तेवढी अडलेली असते.

तोवर अभ्यासकाने पाळावयाचा संकेत जोगलटेंभीच्या नाण्यांवरच पाहता येतो. गौतमीपुत्राने आपला ठसा मारला, तरी त्याखाली नहपानाचा चेहरा व अक्षरे पुष्कळ ठिकाणी दिसत राहिली; म्हणून तर इतिहास उलगडला. दुसऱ्याच्या श्रमावर आपले काही ठोकताना खालचे नाव वाचता येईल इतके शिल्लक ठेवणे, ही कायद्याच्या आधीची आणि कायद्याहून जुनी अट आहे.