शेर्बुर्गच्या बोटी नेमक्या चोरल्या कुणी?

वस्तू तुमच्या ऑर्डरची, पैसे तुम्हीच भरलेले, तरी ती रात्री गुपचूप न्यावी लागली. याला चोरी म्हणायचं का? मला विचाराल तर हा इतिहासातला सगळ्यात मजेदार 'चोरी'चा किस्सा आहे.

तर झालं असं. इस्रायलने फ्रान्समधल्या शेर्बुर्गच्या गोदीत बारा वेगवान बोटी बांधायला दिल्या होत्या. वेग ४० नॉट, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास. १९६७च्या युद्धानंतर द गॉल साहेबांनी शस्त्रविक्रीवर निर्बंध घातले. डिसेंबर १९६८मध्ये इस्रायलने बैरूत विमानतळावर हल्ला केला, तेव्हा संपूर्ण बंदी आली. सात बोटी निघून गेल्या होत्या, पाच अडकल्या.

इस्रायलला त्या हव्याच होत्या. ऑक्टोबर १९६७मध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत स्टिक्स क्षेपणास्त्रं सोडून त्यांचं 'एलात' हे जहाज बुडवलं होतं. (हीच स्टिक्स घेऊन आपल्या नौदलाने डिसेंबर १९७१मध्ये कराचीवर हल्ला चढवला!)

मग निघाली पळवाट. पॅरिसमधले इस्रायली खरेदीप्रमुख मॉर्डेखाय लिमोन यांनी बोटींवरचा हक्क सोडला. आणि लगेच गिऱ्हाईक हजर: 'स्टारबोट' नावाची कंपनी, नोंदणी पनामाची, चेहरा मार्टिन सीम या नॉर्वेजियन उद्योजकाचा. कारण काय, तर समुद्रातल्या तेलशोधासाठी बोटी हव्यात म्हणे! ४० नॉटने तेल शोधणार! पण कागद चोख होते. सरकारी समितीने विक्रीला मंजुरी दिली.

२५ डिसेंबर १९६९. गाव नाताळ साजरा करून झोपलेलं. वादळ थोडं निवळल्यावर पहाटे अडीचच्या सुमारास कॅप्टन हदार किमखी यांच्या हुकमाखाली पाचही बोटी बंदराबाहेर पडल्या. नॉर्वे राहिलं उत्तरेला, या वळल्या जिब्राल्टरकडे. वाटेत समुद्रातच इंधन भरून ३१ डिसेंबरला हैफाला पोचल्यासुद्धा.

इकडे पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्ष पाँपिदू भडकले. जगभर एकच प्रश्न: सामील कोण कोण होतं? गोदीचे मालक फेलिक्स आमियो? बंदरातले अधिकारी? की थेट मंत्रालयातलं कुणी? शेवटी लिमोन यांना देश सोडायला सांगितलं आणि काझेल व बोंत या दोन जनरलांना निलंबित केलं. संपली चौकशी.

मला खरी गंमत इथेच वाटते. आमच्या धंद्यात प्रॉडक्शन कोसळलं की पहिला प्रश्न येतो, "अप्रूव्ह कुणी केलं?" ज्याची सही, त्याची मान. पण शेर्बुर्गला बंदी मोडावी अशी सोय सगळ्यांनी मिळून करून ठेवली होती. महिनोन्‌महिने इस्रायली खलाशी त्या गावात राहत होते, बोटींवर काम करत होते. हे काही गुपित नव्हतं. फॉर्मवर 'नॉर्वे' लिहिलं होतं, आणि फॉर्मपलीकडे बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

ऑक्टोबर १९७३मध्ये याच ताफ्यातल्या बोटी लताकियाच्या लढाईत उतरल्या. क्षेपणास्त्र बोटींनी एकमेकींशी लढलेली ती जगातली पहिली लढाई. सीरियाच्या बोटी बुडाल्या. बोटींवरच्या माणसांसकट.

म्हणून हा किस्सा सांगताना हसू येतं, पण पूर्ण नाही येत. पळवून नेलेल्या त्या काही स्पीडबोटी नव्हत्या, एका युद्धाची तयारी होती. सगळ्यांनी तिकडे थोडी थोडी पाठ फिरवली, आणि हिशोब दोन सह्यांच्या नावावर मांडला गेला. चोर कोण, ते तुम्हीच ठरवा.